मासे मेले, मग पाणकणीस कसं माजलं?

प्रश्न रायगड जिल्ह्यातल्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा: "गावाबाहेरच्या ओढ्यात वरच्या औद्योगिक वसाहतीचं पाणी येतं. कधी लालसर, कधी काळं. पूर्वी मिळायचे ते मासे, खेकडे गेले. पण पाणकणीस, नळ (पोकळ खोडाचं उंच गवत) आणि जलपर्णी पूर्वीपेक्षा जोरात आहेत. या वनस्पतींना विष बाधत नाही का? त्या पाणी शुद्ध करतात म्हणतात, ते कितपत खरं? आणि ओढ्याकाठचं अळू आम्ही खातो, ते खावं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: खाऊ नका. का, ते पुढे येईल. कारखान्यांचं सांडपाणी ज्यांतून सोडून निवळतात असे नळ-पाणकणसाचे वाफे उभारणं आणि ते जगवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे बाकीच्या दोन प्रश्नांवर जरा सविस्तर लिहितो.

गोंधळ होतो तो माशाची आणि पाणकणसाची तुलना केल्यामुळे. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. 30 अंश तापमानाला अगदी स्वच्छ पाण्यातही लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्यात मळी, अन्नप्रक्रिया कारखान्याचं धुवण किंवा रंगाच्या कारखान्याचं सेंद्रिय पाणी मिसळलं, की ते कुजवणारे जिवाणू एवढा साठा बघता बघता संपवतात. आसवनीत अल्कोहोल काढून उरलेल्या कच्च्या पाण्याचा, म्हणजे स्पेंटवॉशचा, सीओडी (त्यातली घाण संपवायला किती प्राणवायू लागेल त्याचं माप) लिटरला लाखभर मिलिग्रॅमच्या घरात असतो, तर नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे 250 ची. असलं पाणी रात्री थोडं जरी सुटलं, तरी सकाळी काठावर मेलेल्या माशांचा खच पडतो. पंचगंगा-कृष्णाकाठच्या लोकांना हे सांगायला नको. त्यातले बरेचसे मासे गुदमरून मेलेले असतात. पाणकणसाची पानं हवेत असतात आणि लिटरभर हवेत 270 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. पाण्यातल्या प्राणवायूवर ते अवलंबूनच नाही. म्हणून मासे गेले आणि पाणकणीस राहिलं, यावरून तुमच्या ओढ्यात बहुधा प्राणवायू उरत नाही एवढंच म्हणता येतं. विष आहे का, कोणतं, किती, हे त्यावरून कळत नाही. आणि सांडपाण्यातलं नत्र, स्फुरद म्हणजे या वनस्पतींना फुकटचं खत. माजतात त्या खतावर.

पण पानं हवेत असली तरी मुळं चिखलात आहेत, आणि खरी गोष्ट तिथे घडते. जाड रबरी हातमोजे घालून एक पाणकणीस मुळासकट काढून बघा. पानं धरून ओढू नका, तुटतात. बाजूने फावडं घालून ढेकूळ सैल करावं लागतं. चिखल काळाकुट्ट निघेल आणि सडक्या अंड्याचा वास येईल. वास हायड्रोजन सल्फाइडचा, काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. आता मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा. टोकाकडचा थोडा भाग पांढरा असेल आणि त्यामागचं मूळ विटकरी, तांबूस. काळ्या चिखलातून तांबडं मूळ निघतं, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. तो तांबडा थर म्हणजे चक्क गंज आहे. मुळातून प्राणवायू बाहेर झिरपतो, भोवतीच्या चिखलात विरघळलेलं लोह त्याला भेटतं आणि मुळावरच गंजून बसतं. आम्ही त्याला लोहाचं पुट म्हणतो. भातशेतीत काम केलेल्यांनी भाताच्या मुळांवरही हेच पाहिलेलं असेल.

हा प्राणवायू मुळापर्यंत पोचतो कसा? पाणकणसाचं पान आडवं कापलं की आत हवेचे कप्पेच कप्पे दिसतात. नळाचं खोड तर पोकळच. या पोकळ्या खालच्या आडव्या कंदापर्यंत आणि तिथून मुळांपर्यंत सलग गेलेल्या असतात. शिवाय हवा नुसती आपोआप पसरत नाही, ढकललीही जाते. नळाच्या कोवळ्या पानांच्या आत ऊब आणि दमटपणा बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. सूक्ष्म छिद्रांतून बाहेरची कोरडी हवा आत येत राहते, आतला दाब किंचित वाढतो आणि हवा खोडातून खाली कंदाकडे वाहू लागते. बाहेर पडते ती जुन्या, वाळलेल्या, तुटक्या काड्यांतून. वाळक्या काड्या इथे धुराड्याचं काम करतात. वारा सुटला की त्यांच्या तोंडावरून जाणारी हवा आतली हवा ओढूनही घेते.

म्हणून सफाईच्या नावाखाली नळ-पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली छाटू नये. वर एकही काडी उरली नाही तर कंद पाण्याखाली गुदमरून मरतो. नको असलेलं पाणकणीस मारायची हीच खात्रीची युक्ती आहे: पाण्याखाली कापायचं आणि पाणी वर ठेवायचं. नेमकी तीच युक्ती लोक हव्या असलेल्या पाणकणसावर न कळत वापरतात, आणि पुढच्या वर्षी "केमिकलने जळालं" म्हणतात.

आता मुद्द्याचं. पोकळ खोड, मुळातून झिरपणारा प्राणवायू, लोहाचं पुट ही सगळी सोय प्रदूषणासाठी तयार झालेली नाही. ती चिखलात जगण्याची जुनी सोय आहे. प्राणवायू नसलेल्या चिखलात लोह आणि मॅंगनीज विरघळलेल्या, झाडाला घातक रूपात असतातच, सल्फाइडही असतं. कारखाने यायच्या लाखो वर्षं आधीपासून या वनस्पती त्या विषांशी झगडत आल्या आहेत. माणसाने आणखी जस्त आणि शिसं ओतलं, तेव्हा तीच अवजारं कामी आली. याचा एक छान पुरावा अमेरिकेतला आहे. पेन्सिल्वेनियातल्या पामर्टनला जस्त वितळवण्याचा जुना कारखाना होता आणि आजूबाजूच्या जमिनीत जड धातू भरलेले होते. तिथल्या पाणकणसाची तुलना स्वच्छ जागेच्या पाणकणसाशी केली गेली. अभ्यास 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी, की कारखान्याजवळ धातू सोसणारा वेगळा वाण तयार झाला असेल, कारण खाणींजवळच्या कोरड्या जमिनीवरच्या गवतांत तसं झालेलं माहीत होतं. पाणकणसात तसं काही आढळलं नाही. स्वच्छ जागेचं पाणकणीसही तितकंच सोशीक निघालं. सोशीकपणा प्रजातीतच होता.

त्यामुळे "विशेष प्रदूषण-सहनशील जात" म्हणून कोणी महागडी रोपं विकत असेल तर सरळ नाही म्हणा. तुमच्याच ओढ्यातले कंद चालतात.

धातूंचं नेमकं काय होतं, ते पायरीपायरीने बघू. पहिला अडथळा मुळाच्याही बाहेर, चिखलात. तिथलं सल्फाइड जस्त, शिसं, तांबं, कॅडमियम यांना धरून न विरघळणारी संयुगं करतं. दुसरा अडथळा लोहाचं पुट. त्यावर आर्सेनिक, स्फुरद आणि काही धातू चिकटून बसतात. तिसरा म्हणजे मुळाच्या पेशींच्या भिंती, ज्यांत धातूंचे कण अडकतात. त्यापुढे मुळाच्या आतल्या बाजूला पेशींच्या एका कड्यात मेणचट पट्टी असते. तिच्यापाशी पेशींच्या फटींतून येणारं पाणी थांबतं आणि आत जायचं तर जिवंत पेशीतूनच जावं लागतं, म्हणजे झाडाला निवड करता येते. एवढं करूनही जे आत शिरतं त्यासाठी पेशीत छोटी गंधकयुक्त प्रथिनं तयार होतात. त्यांना फायटोकेलेटिन म्हणतात. 1985 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी ती वनस्पतींत दाखवून दिली. ती कॅडमियमसारख्या धातूला विळखा घालतात आणि पेशीतल्या रसाच्या पोकळीत नेऊन कोंडतात. तिथे तो कुणाच्या कामात अडथळा आणत नाही.

सगळे धातू सारखे वागत नाहीत, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायचं. शिसं आणि क्रोमियम बहुतेक मुळातच थांबतात, पानात फार कमी पोचतात. जस्त, मॅंगनीज आणि कॅडमियम त्यामानाने सहज वर चढतात, आणि त्यातलं कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडाला वाईट. क्रोमियमचं आणखी एक प्रकरण आहे. प्लेटिंग, रंगद्रव्यं या उद्योगांतून येणारं सहा संयुजेचं क्रोमियम हे खरं जहाल. झाडाच्या मुळांना ते सल्फेटसारखं दिसतं आणि सल्फेटच्याच वाटेने आत घुसतं. जलपर्णीवर कॅलिफोर्नियात 1990 च्या दशकात क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा दिसलं की तिच्या बारीक मुळांतच या क्रोमियमचं तीन संयुजेच्या, त्यामानाने निरुपद्रवी क्रोमियममध्ये रूपांतर होतं. ज्या जलपर्णीला आपण उठताबसता शिव्या घालतो तिची ही बाजू. अर्थात ती मेली, सडली की क्रोमियम तिथेच तळाला बसतं.

तुमच्या ओढ्याचं पाणी शेवटी खाडीलाच मिळत असणार, म्हणून खारफुटीबद्दलही दोन शब्द. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. तिवर मीठ आत घेतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कांदळाची तऱ्हा वेगळी, तो बहुतेक मीठ मुळाशीच गाळतो. तिवराच्या या ग्रंथींतून मिठाबरोबर थोडं जस्तही बाहेर पडतं असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे पुन्हा तेच, खारटपणासाठी केलेली सोय धातूसाठी वापरली गेली. ठाण्याच्या खाडीच्या एका अंगाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, दुसऱ्या अंगाला मुंबई. तरीही दोन्ही काठांना तिवर दाट उभा आहे, 2022 मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आणि रोहित पक्षी दरवर्षी येतात. हे बघून "खाडी सुधारली" म्हणणारे भेटतात. रोहित जे सूक्ष्म शेवाळ खातात ते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलं जातं असं बरेच अभ्यासक मानतात. त्यामुळे रोहितांची गर्दी हा स्वच्छतेचा दाखला धरता येत नाही, तिवराची हिरवाई तर नाहीच नाही.

मग या वनस्पती मरतात कशाने? त्यांची हवेची सोय बिघडली की. धातूपेक्षा ही भीती मोठी. तेल घ्या. तिवराची श्वसनमुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्या सालीवरच्या छिद्रांतून हवा आत जाते. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडलेलं तेल नवी मुंबई-रायगडच्या खारफुटीत शिरलं होतं. तेलाचा लेप छिद्रांवर बसला की झाड वरून हिरवं दिसत असतानाच खाली मूळ गुदमरू लागतं. पानगळ बऱ्याच दिवसांनी दिसते. कारखान्याच्या पाण्यातून सतत येणारं थोडं थोडं तेल-ग्रीस तेच करतं, सावकाश.

दुसरं सेंद्रिय कुजणारं पाणी. ते जास्त झालं की चिखलात सल्फाइड आणि कुजण्यातून होणारी आम्लं वाढतात. नळाचं मूळ त्यावर स्वतःभोवती कॉर्कसारखा थर चढवतं, म्हणजे आतला प्राणवायू वाया जात नाही आणि बाहेरचं विष आत येत नाही. हे काही दिवस ठीक. पण तोच थर पाणी आणि अन्नद्रव्यांनाही अडवतो. बाजूची बारीक मुळं बाहेर पडेनाशी होतात. सल्फाइड आणखी वाढलं तर आतल्या हवेच्या वाटाच गाठींनी बुजतात. आजारी वाफा उघडल्यावर मी आधी हेच बघतो: मुळं आखूड, जाड, कडक, बाजूच्या केसाळ मुळांचा पत्ता नाही, आणि तांबडा थर नाहीसा होऊन मूळ काळं पडलेलं. मूळ काळं पडलं म्हणजे ते प्राणवायू बाहेर टाकू शकत नाही. तुमच्या ओढ्यातल्या पाणकणसाची मुळं तांबडी निघाली तर झाड सध्या टिकून आहे. काळी निघाली तर वरच्या हिरव्या पानांवर जाऊ नका.

तिसरं मीठ. रंग आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यांच्या पाण्यात विरघळलेले क्षार फार असतात. नळ बराच खारेपणा सोसतो, पाणकणसाच्या काही जाती मध्यम, कर्दळ मात्र लवकर मान टाकते. पानांची टोकं आणि कडा आधी करपतात. शोभेसाठी सगळीकडे कर्दळ लावायची जी टूम आहे ती घरगुती सांडपाण्याला ठीक आहे, खाऱ्या पाण्याला नाही. आणि चौथं, एकदम येणारा धक्का. रोज थोडं थोडं वाईट पाणी झाड सोसतं, पण रात्री टाकी धुऊन सोडलेलं आम्ल एका फटक्यात वाफा आडवा करतं. आम्ल आलं की पुटातले आणि चिखलात बसलेले धातूही सुटे होतात, म्हणजे दुहेरी मार.

आता "शुद्ध करतात का?" याकडे येतो. करतात, पण जे काम लोक झाडाच्या नावावर खपवतात ते बहुतेक मुळांभोवतीचे जिवाणू आणि चिखल करत असतात. झाड त्यांना जागा देतं, प्राणवायू देतं, पाण्याचा वेग कमी करतं. धातू नाहीसे होत नाहीत. पाण्यातून निघून चिखलात जातात. वरची पानं-काड्या कापून नेल्या तरी त्यातून धातूंचा थोडासाच वाटा बाहेर जातो, कारण बाकीचा मुळात आणि गाळात आहे. तो गाळ जोवर पाण्याखाली, प्राणवायूविना आहे तोवर सल्फाइडने धातू धरून ठेवलेले असतात. उन्हाळ्यात ओढा आटला किंवा पोकलेनने गाळ काढून काठावर टाकला, की हवा लागते, सल्फाइडचं सल्फेट होतं, आम्ल तयार होतं आणि धातू मोकळे होतात. पहिल्या पावसात ते पुन्हा पाण्यात. औद्योगिक नाल्यातला गाळ तपासल्याशिवाय "सुपीक गाळ" म्हणून शेतात घालू नये, ते याचसाठी.

पाऱ्याच्या बाबतीत तर पाणथळ जागा प्रकरण बिघडवू शकते. चिखलातले सल्फेट खाणारे जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात, आणि तो माशांतून माणसात चढत जातो. सांडपाण्यात पारा असेल तर मी वाफा सुचवत नाही, विषय तिथेच संपतो.

रंगाचंही असंच फसवं आहे. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतले बहुसंख्य रंग ॲझो जातीचे. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्यांच्या रेणूतला दुवा तोडतात आणि पाणी बघता बघता फिकं होतं. बघणारा खूश. पण तुटलेल्या तुकड्यांत ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं असतात आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक. ती संपवायला पुढे प्राणवायू लागतो. नळाच्या मुळाशी दोन्ही परिस्थिती शेजारी शेजारी मिळतात, मुळालगत प्राणवायू आणि थोडं दूर अजिबात नाही, म्हणून नीट बांधलेल्या वाफ्यात हे काम पुरं होऊ शकतं. ओढ्यात पाणी धावत असतं, तिथे अर्धंच होतं. तुमचं लालसर पाणी खाली जाऊन निवळत असेल तर त्यावर विसंबू नका.

क्षारांच्या बाबतीत झाडं काहीच करत नाहीत, उलट पाणी पिऊन उडवतात आणि उरलेलं खारट करतात. हिशोब सोपा आहे. लिटरला 2100 मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी आत आलं आणि मे महिन्याच्या उन्हात त्यातलं एक तृतीयांश पानांवाटे उडालं, तर बाहेर पडताना तेच 3150 होतं. उन्हाळ्यात वाफ्याचा अहवाल "फेल" येतो तो अनेकदा यामुळे, आणि कारखान्याचा माणूस झाडांवर खापर फोडतो.

एवढं नकारात्मक लिहिल्यावर हेही सांगायला हवं, की योग्य जागी ही पद्धत उत्तम चालते. तिचा उगमच औद्योगिक म्हणता येईल. 1950 च्या दशकात जर्मनीत केटे सायडेल या संशोधिकेने पाणवनस्पतींकडून फिनॉलसारखी द्रव्यं काढून घेण्याचे प्रयोग सुरू केले, तेव्हा अभियंत्यांनी तिला फारसं मनावर घेतलं नव्हतं. सेंद्रिय विषांच्या बाबतीत झाड स्वतःही बरंच करतं: विकरांनी रेणू थोडा बदलायचा, त्याला साखर किंवा ग्लुटाथायोन नावाचा छोटा गंधकयुक्त रेणू जोडायचा आणि पोकळीत किंवा पेशीभिंतीत डांबायचं. आपलं यकृत साधारण याच धर्तीवर चालतं. फरक एवढाच की झाडाला ते बाहेर टाकता येत नाही. 1974 मध्ये जर्मनीतल्याच ओथफ्रेसनला मातीचे मोठे वाफे बांधले गेले. मुळं वाढली की घट्ट माती मोकळी होईल आणि पाणी आतून वाहील, अशी कल्पना होती. तसं झालं नाही. पाणी वरूनच वाहत राहिलं. पुढे ब्रिटनमध्ये मातीऐवजी खडी वापरायला लागले आणि आजही आम्ही खडीच वापरतो, साधारण 60 सेंटिमीटर खोल. अमेरिकेत रिचमंडच्या शेव्हरॉन तेलशुद्धीकरण कारखान्याच्या 36 हेक्टर पाणथळीने आलेल्या सेलेनियमपैकी 89 टक्के अडवलं, त्यातलं काही वायुरूपाने उडालं. ओमानमध्ये निम्रच्या तेलक्षेत्रात तेलाबरोबर वर येणारं पाणी शेकडो हेक्टर नळाच्या वाफ्यांतून सोडतात. आपल्याकडे नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड हे असंच वाफ्याचं तंत्र बऱ्याच ठिकाणी बसवलेलं आहे, मुख्यतः घरगुती सांडपाण्यासाठी. सेलेनियमचीच दुसरी बाजू कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात दिसली. तिथे शेतातून निचरून आलेलं सेलेनियम साठत गेलं आणि 1983 मध्ये पाणपक्ष्यांची विकृत पिल्लं सापडली. पाणथळ बांधलेली असो की नैसर्गिक, तिथे पक्षी येणारच, हे आराखड्यात धरावं लागतं.

औद्योगिक पाण्याला वाफा शेवटच्या टप्प्यावर ठेवायचा असतो. आधी तेल काढणं, गाळ बसवणं, आम्ल-अल्कली समतोल, जैविक प्रक्रिया, आणि मग उरलंसुरलं निस्तरायला नळ. थेट कच्चं पाणी वाफ्यावर सोडा म्हणणारा सल्लागार भेटला तर त्याने बांधलेला दोन-तीन वर्षं जुना वाफा दाखवायला सांगा. लागवड जूनमध्ये करावी, पावसाने पाणी पातळ असतं आणि कंद धरतात. सांडपाणी सुरुवातीला चौथा हिस्सा, बाकी साधं पाणी, असं करत प्रमाण वाढवायचं. मुळं खडीच्या तळापर्यंत जायला दोन-तीन हंगाम लागतात, तोवर पूर्ण भार टाकायचा नाही. कारखान्यांना हे पटत नाही, त्यांना मार्चमध्ये वाफा आणि एप्रिलमध्ये रिपोर्ट हवा असतो.

आता तुमच्या गावासाठी. अळूबद्दल आधी म्हटलं, खाऊ नका. चिंच घातली की अळूची खाज जाते, कॅडमियम जात नाही. उकळून, पाणी टाकूनही भरवसा नाही. ओढ्यातल्या नाळीच्या भाजीलाही हेच लागू. काठावरचं पॅरा गवत दुभत्या जनावरांना घालणं थांबवा. जलपर्णी काढलीत तर काठावर ढीग लावू नका, सडून सगळं परत पाण्यात जातं. आणि औद्योगिक नाल्यातल्या जलपर्णीचं खत तपासणीशिवाय भाजीपाल्याला घालू नका.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा, पण एक गोष्ट समजून करा. कोर्टात टिकणारा नमुना 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे मंडळाने रीतसर नोटीस देऊन, दोन भाग करून घ्यावा लागतो. तुम्ही भरलेल्या बाटलीला ते वजन नाही. तिचा उपयोग मंडळाला कुठे आणि कधी यायचं ते सांगण्यासाठी होतो. पाणी रात्री आणि पहिल्या मोठ्या पावसात सुटतं, म्हणून वेळ, रंग आणि साध्या पट्टीने मोजलेला पीएच यांची वही ठेवा, मोबाइलवर फोटो काढा.

स्वतःच्या खर्चाने तपासणी करायची असेल तर पैसे पाण्यावर कमी आणि गाळावर जास्त घाला. पाणी तासातासाला बदलतं, गाळ लबाडी करत नाही. तीन जागा घ्या: वसाहतीचं पाणी मिळतं त्याच्या वर, त्याच्या लगेच खाली, आणि गावाजवळ. प्रत्येक ठिकाणी पाणकणसाची मुळं आणि पानं वेगवेगळ्या पिशव्यांत द्या, आणि गाळाचे दोन नमुने घ्या, वरच्या पाच सेंटिमीटरचा एक आणि वीतभर खालचा दुसरा. प्रयोगशाळेला क्रोमियम, जस्त, शिसं, कॅडमियम, तांबं आणि पारा मोजायला सांगा, आणि मुळं धुऊन दिली आहेत की न धुता ते चिठ्ठीवर लिहा, कारण पुटातला धातू मुळात धरला तर आकडा फुगतो. वरच्या थरात धातू जास्त निघाले तर सोडणं अजून चालू आहे असं समजा. खालच्या थरात जास्त निघाले तर घाण बरीचशी जुनी आहे आणि वर नवा गाळ बसतो आहे. अशा वेळी ओढा खोल करायचा प्रस्ताव ग्रामसभेत आला तर आधी हा अहवाल पुढे ठेवा.